विशेषण नेहमी नामाच्या आधी!

हार्लन ब्रेक्के सरांनी त्या मंगळवारी फळ्यावर एकच ओळ लिहिली, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि खडू असा खाली ठेवला, जणू इंग्रजी व्याकरणाचा खटला कायमचा निकाली निघाला.

"विशेषण नेहमी नामाच्या आधी," ते म्हणाले. "बर्फ काढणारी गाडी पुढे, शाळेची बस मागे. बस पुढे गेली तर काय होईल?"

"खड्ड्यात जाईल," पहिल्या बाकावरची होदान म्हणाली.

"तसंच वाक्याचं. आणि ह्याला अपवाद नाही!"

व्याकरणाच्या मास्तराने 'अपवाद नाही' म्हणायचं, म्हणजे हलवायाने गिऱ्हाइकाला गोड खाऊ नका म्हणून सांगण्यातला प्रकार. पण सरांचा नाइलाज होता. मिनेसोटातल्या लोन एल्म गावच्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि त्यातली निदान दहा वर्षं तरी नुसती विशेषणं. गुण सांगणारी, संख्या सांगणारी, माप सांगणारी, बोट दाखवणारी, मालकी सांगणारी, प्रश्न विचारणारी. वर्गाच्या भिंतीवर त्यांचा तक्ता असे, आणि तो घरी नेऊन पाठ करावा लागे. लाल शाई ते एवढी वापरत, की वह्या परत आल्या की मुलं आधी आपल्याला कुठे लागलंय का ते बघायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयात संध्याकाळचा वर्ग सुरू केला, टर्कीच्या कारखान्यात कामाला आलेल्या नव्या लोकांसाठी. पहिल्या दिवशी बारा जण आले. सरांनी उत्साहाने विशेषणांपासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात 'प्रश्नार्थक विशेषण आणि प्रश्नार्थक सर्वनाम यांतील सूक्ष्म भेद' आला आणि बाराचे चार झाले. वाचनालयाच्या मंडळाने गोड शब्दांत कळवलं, की महिनाअखेर सहा तरी डोकी दिसली नाहीत तर ती खोली गोधडीवाल्या बायकांना द्यावी लागेल. त्या चौतीस जणी होत्या.

सरांनी हे बायकोला सांगितलं तेव्हा मार्लिस विणकाम बाजूला ठेवून म्हणाली, "अरे, पोटभर वाढू नकोस त्यांना. एक घास दे, पण घरी नेता येईल असा दे." सगळे प्रकार आणि त्यांचे पोटप्रकार पिळून सरांनी त्यातून हा एक घास काढला होता.

होदान वारसमेला तो भलताच आवडला. सोमालियातून आलेली, तिशीची, कारखान्यात सकाळची पाळी करून येणारी आणि घरी म्हाताऱ्या आईचं करणारी ही बाई वर्गात एक दिवस चुकली नव्हती. तिने वहीच्या पहिल्या पानावर ती ओळ लिहिली आणि सरांसारख्याच दोन रेघा ओढल्या.

शुक्रवारी दुपारी सर आपला निळा ट्रक घेऊन बारा मैलांवरच्या गावी गेले. तिथल्या शाळेने शब्दकोश टाकायला काढले होते, आणि शब्दकोश टाकतात हे ऐकून सरांना रात्रभर झोप लागली नव्हती. येताना वादळ सुरू झालं. समोर पांढरं, मागे पांढरं, आणि एका वळणावर बावीस वर्षांच्या त्या ट्रकने रस्ता सोडून सरळ खंदकात नाक खुपसलं. सरांना खरचटलंसुद्धा नाही. मांडीवर एक जाडा शब्दकोश येऊन आदळला एवढंच. त्यांनी आधी वाचनालयात फोन लावला. ग्रंथपाल नेव्हा मागच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढायला बाहेर गेली होती, म्हणून फोन वर्गाला लवकर आलेल्या होदानने उचलला. मला उशीर होणार, आज वर्ग नाही, दारावर तसं लिहून लाव, एवढं सरांनी सांगितलं आणि फोनची बॅटरी संपली.

इथपर्यंत घडलं ते साधं होतं. पुढचं सरांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

होदानने कागद घेतला. 'सर लेट आहेत' अशा अर्थाचं सरळ इंग्रजी वाक्य लिहिलं आणि पाहते तो काय, 'लेट' हे विशेषण वाक्याच्या पार शेवटी जाऊन बसलेलं. बस पुढे, बर्फाची गाडी मागे! तिने कागद चुरगाळला. नवा घेतला. 'लेट' उचलून सरांच्या आधी आणलं. आता आणलंच आहे तर बाकी शिकवलेलंही वाया का घालवा, म्हणून मालकी सांगणारं 'आवर' घातलं, गुण सांगणारं 'डिअर' घातलं. मजकूर झाला, 'आवर डिअर लेट टीचर मिस्टर हार्लन ब्रेक्के. नो क्लास.' सगळी विशेषणं आपापल्या नामाच्या आधी, रांगेत, शिस्तीत. अक्षरं सुरेख यावीत म्हणून तिने जाड काळा पेन वापरला, कडेने फुलं काढली, कागद दाराला चिकटवला आणि बस पकडून घरी गेली.

आता इंग्रजीत 'लेट' हा शब्द मोठा दगलबाज आहे. माणसाच्या मागे राहिला तर माणसाला नुसता उशीर झालेला असतो. माणसाच्या पुढे आला, की माणूस कैलासवासी होतो.

नेव्हा फावडं घेऊन पुढच्या दाराशी आली, कागद वाचला आणि फावडं तिच्या हातातून गळून पडलं. शाळेत ती सरांचीच विद्यार्थिनी. त्यात तिच्या भाच्याने मघाशीच कळवलं होतं, की ब्रेक्क्यांचा ट्रक खंदकात उभा दिसला, आत कुणी नाही. नेव्हाने दोन अधिक दोन केले आणि वाचनालयाचा झेंडा अर्ध्यावर उतरवला. मग तिने आर्डिस हॉग्लंडला फोन केला. लोन एल्ममध्ये आर्डिसला कळवलं की बाकी कुणाला कळवावं लागत नाही.

सरांना रस्त्यावरून गेलन नावाच्या गॅरेजवाल्याने उचललं होतं. रस्ते बंद झाल्यामुळे ते त्याच्याच घरी मुक्कामाला राहिले. तिथून त्यांनी मार्लिसला सगळं व्यवस्थित कळवलं, मी ठीक आहे, ट्रक मात्र गेला. त्यामुळे अख्ख्या गावात एकटी मार्लिसच निश्चिंत होती.

शनिवारी सकाळी वादळ ओसरलं आणि आर्डिस गुडघाभर बर्फातून मार्लिसच्या दारात उभी राहिली. हातात हॉटडिश. म्हणजे खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे आणि मधे मिळेल ते, असं भट्टीतून काढलेलं गरम भांडं. लोन एल्ममध्ये कुणाचं बरंवाईट झालं की शब्दांऐवजी हेच पुढे करतात. 'मेला' हा शब्द तर तिथे कोंबडीबद्दलसुद्धा कुणी वापरत नाही.

"ऐकलं गं मी, मार्लिस," आर्डिस म्हणाली. "खंदकात."

"हो ना. नाक खाली करून पडला होता म्हणे."

"फार त्रास झाला का?"

"कसला त्रास. जागच्या जागी बंद पडला. तसा बरेच दिवस कुरकुरत होताच. थंडीत सकाळी दोन लाथा घातल्याशिवाय हलायचा नाही."

आर्डिसच्या हातातलं भांडं कललं. तिने ते सावरलं. "किती वर्षांची सोबत."

"बावीस."

आर्डिस ह्यांच्या लग्नात जेवली होती, सेहेचाळीस वर्षांपूर्वी. पण दुःखात माणसाचा हिशेब चुकतो, म्हणून तिने ते सोडून दिलं. मग हळूच विचारलं, "आत्ता कुठे आहे?"

"गेलनच्या गॅरेजमागे, बर्फातच. आत जागा नाही म्हणाला. सोमवारी खोलून बघू म्हणतो. सुटे भाग चांगले आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या उपयोगी."

"आणि मी काही आता थांबायची नाही," मार्लिस म्हणाली. "बर्फ वितळला की दुसरा बघणार. अगदी नवाच पाहिजे असं नाही, थोडा वापरलेलाही चालेल मला."

पन्नास वर्षं चर्चच्या स्वयंपाकघरात काढलेल्या आर्डिसने हेही ऐकून घेतलं. तिने भांडं ठेवलं आणि मुद्द्याचं सांगितलं. तीनला वाचनालयात थोडे जण जमतोय. हार्लनसाठी. कॉफी आणि चार शब्द.

मार्लिसचा चेहरा उजळला. अडतीस वर्षांनी का होईना, गावाला माणसाची आठवण झाली होती. सत्कार, आणि तोही गुपचूप ठरवलेला!

"त्याला कळता कामा नये हं," ती कुजबुजली.

"नाही गं," आर्डिस म्हणाली. "आता कसं कळणार?"

"आणि त्याला बरोब्बर तीनला तिथे पोचवायची जबाबदारी माझी. तोवर रस्ता मोकळा होईल. गेलन आणून टाकेल. मागच्या दाराने आणायला सांगते, पुढे बर्फाचा ढीग आहे."

आर्डिस तिथून जी निघाली ती थेट वाचनालयात. तिचं ऐकून नेव्हाने लहान मुलांची कोडी आणि डायनासोर उचलले, दोन लांब टेबलं एकमेकांना जोडली, त्यांवर पांढरी चादर घातली. टेबलांवर पाच फूट अकरा इंचांचा माणूस मावतो का, हे तिने स्वतः मोजून पाहिलं. इकडे दुपारपर्यंत मार्लिसच्या ओट्यावर नऊ हॉटडिश जमले. एका ट्रकसाठी हे जरा जास्तच होतंय असं तिला वाटलं, पण लोक चांगले आहेत, असं म्हणून तिने ते सगळे फ्रिजमध्ये कोंबले.

तीनला दहा मिनिटं असताना गेलनने सरांना मागच्या दाराशी सोडलं. कशासाठी ते मार्लिसने त्यालाही सांगितलं नव्हतं. सर शब्दकोशांचं खोकं पोटाशी धरून आत शिरले ते पुस्तकांच्या कपाटांमागे. पलीकडे माणसं बसल्याचा आवाज येत होता. त्यांनी पुस्तकांच्या फटीतून पाहिलं. चाळीस-पन्नास माणसं, बरीचशी काळ्या कपड्यांत. नेव्हा बोलत होती. तिने सरांचं नाव घेतलं तेव्हा ते जागीच थबकले.

नेव्हा सांगत होती, की सर कडक होते, पण वर्गात कुणाला कधी हसले नाहीत. सर नेमाने येत असत. सर असे होते, सर तसे होते. व्याकरणाच्या माणसाला पहिली खटकली ती क्रियापदं. सगळी भूतकाळी! मग सरांनीच समजूत काढली, की आपण निवृत्त आहोत, म्हणून असेल. बाहेर जाऊन लोकांना संकोचात टाकावं असं त्यांना वाटेना. आणि खरं सांगायचं तर ऐकत राहावंसंही वाटत होतं. अडतीस वर्षांत ह्या गावाने त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल 'वाईट नाही' ह्यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं.

मग होदान उठली. तिचे डोळे सुजले होते. सर गेले हे तिला नेव्हाने सकाळी फोनवर सांगितलं होतं, आणि आपण दारावर लावलेल्या कागदाचा त्याच्याशी काही संबंध असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती हळूहळू, एकेक शब्द तपासून बोलू लागली.

"सरांशी शेवटचं मी बोलले. आवाज चांगला होता. उशीर होईल म्हणाले." ती थांबली. "माझ्या आईचं पोट दोन वर्षं दुखत होतं. डॉक्टर विचारायचे, कसं दुखतं? मला 'दुखतं' एवढंच येत होतं. मी बोट दाखवायची. ते गोळी द्यायचे, ती लागू पडायची नाही. मग सरांनी एका दिवशी फक्त दुखण्याची विशेषणं शिकवली. टोचणारं, ठसठसणारं, जळजळणारं. मी डॉक्टरांना सांगितलं, जळजळणारं, आणि जेवल्यावर जास्त. त्यांनी औषध बदललं. आता आई रात्री झोपते. सरांना हे सांगायचं राहिलं. इंग्रजी अजून चांगलं झालं की सांगू, असं ठरवलं होतं."

कपाटामागे सरांनी खोकं जमिनीवर ठेवलं. चष्मा काढला आणि पुसत राहिले. तो दिवस त्यांना आठवत होता. गुणविशेषणांचा बारावा उपप्रकार म्हणून घाईघाईत उरकलेला. त्या दिवशी आठ जण जांभया देत होते म्हणून घरी येऊन ते मार्लिसवर उगाच खेकसलेही होते.

होदानच्या मागून ड्वेन स्काग उठला. गावचा बर्फ काढणारा, दाराएवढा माणूस, एरवी एका वाक्यात तीनपेक्षा जास्त शब्द वापरत नसे. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, की सरांनी माझा एक निबंध तीनदा परत केला. पहिल्यांदा त्यावर सत्तेचाळीस लाल खुणा होत्या. चौथ्यांदा एकही नव्हती. तो कागद मी अजून गाडीत ठेवलाय. बाकी कुणी माझ्यासाठी चारदा थांबलं नव्हतं.

"त्यांच्यामुळे," ड्वेन म्हणाला, "मी मोअर बेटर माणूस झालो."

"'मोअर बेटर' नाही, ड्वेन," कपाटामागून आवाज आला. "'बेटर' आलं की 'मोअर' लागत नाही. नुसतं 'बेटर'."

सवय! सरांच्याही नकळत तोंडातून गेलं.

पहिला आवाज आला तो नेव्हाच्या हातातली कॉफीची किटली पडल्याचा. आर्डिस खुर्चीवर बसायला गेली आणि जिथे खुर्ची नव्हती तिथे बसली. ड्वेन मात्र, वीस वर्षं बर्फात गाडी हाकलेला तो माणूस, ताठ उभा राहून म्हणाला, "हो सर. नुसतं बेटर."

सर कपाटाला वळसा घालून पुढे आले. पांढऱ्या चादरीचं टेबल मोकळं दिसलं, म्हणून सरांनी आपली बर्फाने ओली झालेली टोपी त्यावर ठेवली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हे बघून पुटपुटत प्रार्थना करू लागली. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन मार्लिस आत आली. सगळ्यांचे चेहरे बघून ती हिरमुसली.

"अरेरे," ती म्हणाली, "त्याला आधीच कळलं वाटतं."

मग जो काही खुलासा झाला त्याला पाऊण तास लागला. नेव्हाने दारावरचा कागद आणून दाखवला, आर्डिसने सुट्या भागांचं विचारलं, मार्लिस हसता हसता टेबलाला धरून खाली बसली. आणि हळूहळू सगळ्यांचे डोळे होदानकडे वळले. लोन एल्ममध्ये बोलत नाहीत, नुसतं बघतात. ते जास्त लागतं. होदान उठली, कोट घेतला. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, मी आता वर्गाला येणार नाही, असं ती खाली मान घालून म्हणाली.

सरांनी तो कागद हातात घेतला. दुसरा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. त्यांनी कागद वरून खाली वाचला, परत खालून वर वाचला. मग पेन खिशात तसंच राहू दिलं.

"ह्यात चूक नाही," ते म्हणाले. "मालकीचं आधी, मग गुणाचं, मग 'लेट', मग नाम. 'नो' क्लासच्या आधी. मी शिकवलं, तस्संच्या तसं. चूक फळ्यावर होती. अपवाद नाही, असं मी म्हणालो. खूप अपवाद आहेत, होदान. मला ते सगळे पाठ आहेत. चौघंच उरला होतात, तुम्हीही पळून जाल म्हणून मी ते लपवले."

होदानने मान वर केली. कोट अजून हातातच होता.

सर लोकांकडे वळले. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. आयुष्यभर विशेषणं शिकवलेल्या माणसाला त्या घटकेला एकही हाताशी लागेना. ते एवढंच म्हणाले, की असं सगळं लोक माणूस गेल्यावर बोलतात, मला ते बसून, म्हणजे उभं राहून, ऐकायला मिळालं. ते ह्या बाईमुळे. मी तुमचा आभारी आहे, तिचा सगळ्यांत जास्त. मग ते होदानला म्हणाले, "आईला आता बरं वाटतंय हे मला आज कळलं. तू इंग्रजी चांगलं व्हायची वाट बघत बसली असतीस, तर ते कळायला मी खरोखर लेट झालो असतो."

होदान आधी दोन क्षण विचारात पडली. दोन्ही 'लेट' डोक्यात जुळले, तशी ती रडता रडता हसायला लागली. ड्वेनने तिच्या हातातला कोट घेऊन खुंटीला परत लावला. नेव्हाने झेंडा वर चढवायला कुणाला तरी पाठवलं. आणलेलं खाणं वाया कसं घालवायचं, म्हणून पांढऱ्या चादरीवर सरांच्या टोपीभोवती सगळी ताटं मांडली गेली आणि माणसं पाच वाजेपर्यंत खात राहिली. आर्डिसने मार्लिसला बाजूला घेऊन, तो दुसरा बघायचा बेत तेवढा ट्रकचाच होता ना, ह्याची दोनदा खात्री करून घेतली.

पुढच्या मंगळवारी वर्गात एकवीस जण होते. कारखान्यातले नवे सात, होदानबरोबरचे जुने तिघे, आणि बाकी गावातलेच. 'मोअर'चा काय तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणून ड्वेन आला होता. आर्डिस का आली होती ते तिने सांगितलं नाही, पण सर फळ्यापाशी हिंडत असताना ती त्यांना एकदा बोटाने हलकेच टोचून गेली. गोधडीवाल्या बायकांनी आपण तळघरात बसू, तिथे उजेड चांगला आहे, असं कळवलं. तिथे एकच दिवा होता.

सरांनी फळ्यावर 'लेट' दोनदा लिहिलं, एकदा माणसाच्या पुढे, एकदा मागे, आणि फरक नीट समजावला. ह्या खेपेस अपवाद सांगितले, एकेक करून, आणि एकही जण उठून गेला नाही. सर इतके रंगात आले की त्यांनी वर्गालाच आव्हान दिलं. आता कुठलंही विशेषण विचारा, माणसाच्या पुढे काय नि मागे काय, दोन्ही अर्थ उभ्या उभ्या सांगतो!

होदानने हात वर केला.

"सर, काल फोनवर मी माझ्या बहिणीला सांगितलं, ब्रेक्के सर माझे 'ओल्ड' टीचर आहेत. ती विचारत होती, म्हणजे खूप दिवसांपासूनचे सर, की म्हातारे सर?"

मागच्या बाकावर मार्लिस विणत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण सुया थांबल्या.

"दोन्ही," सर म्हणाले, आणि फळा पुसायला वळले.